जिभेवर गुडमार

माझी पाळी कायमची थांबली तेव्हा पहिला फोन आला तो अकोल्याहून, माझ्या मोठ्या नणंदेचा. बातमी त्यांना कुणी दिली हे विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात ते काम माझे यजमान करतात, आणि पेपरवाल्याच्या आधी करतात.

“सुटली वो माय तू!” ताई म्हणाल्या. “आता खुशाल पापडाले हात लाव, लोणच्याले हात लाव. झंझटच नाही. सुटली!”

मीही हुरळले. अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहून, पदराने वारा घेत, खाली ट्यूशनच्या पोरापोरींच्या गाड्यांचा गोंधळ बघत मी स्वतःला म्हटलं, चला, एक काम संपलं. सुटणं हा आपल्या भाषेतला किती बेभरवशाचा शब्द आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. माणूस सुटतो तसं त्याचं पोटही सुटतं. माझं आधी पोट सुटलं, मग दंड सुटले, मग ब्लाउजच्या शिवणी सुटायला लागल्या. शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला आमचा शिंपी माया म्हणतो. जुने ब्लाउज सैल करायला नेले, तर त्याने ते उलटे करून पाहिले आणि फार दुःखी चेहऱ्याने म्हणाला, “वहिनी, मागच्या टायमालेच सारी उसवली. आता आत काही माया राह्यली नाही.”

हे घरी येऊन सांगितलं तर यजमान इतके हसले की चहा सांडला. मग त्यांनाच माझी काळजी वाटायला लागली आणि ते मला तपासायला घेऊन गेले.

रक्ताचा रिपोर्ट आला तो शाळेतल्या प्रगतिपुस्तकाच्या उलटा. सगळ्या विषयांत मी वरच्या वर्गात. साखर जास्त, चरबी जास्त, वजन तर विचारूच नका. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी शांतपणे समजावलं, की पाळी गेल्यावर शरीराची आतली सगळी घडीच बदलते. चरबी पोटाभोवती बसते, साखर पूर्वीसारखी वापरली जात नाही. यात माझा काही गुन्हा नाही, असंही म्हणाल्या. मला ते फार आवडलं. त्यांनी रोज नाश्त्यानंतर घ्यायची एक गोळी दिली, चालायला सांगितलं, आणि निघताना दोन गोष्टी बजावल्या. “गोळी मनाने बंद करायची नाही. आणि दुसरं काही सुरू केलंत, काढा असो नाही तर चूर्ण, तर मला सांगायचं.”

मी मान डोलावली. यजमानांनीही डोलावली, आणि घरी पोचायच्या आत बहिणीला फोन लावला.

“पंधरा दिवस पाठव तिले माह्याकडे,” ताईंचा आवाज मला स्कूटरच्या मागच्या सीटवर ऐकू आला. “आराम होईन तिले. साखर कशी उतरत नाही, मी पाह्यतो.”

दिवस मे महिन्याचे. मे महिन्यात अकोल्याला आरामाला कोणी जात नाही. जे तिथे जन्मले तेही संधी मिळाली तर पळून जातात. पण ताईंना नाही म्हणणं मला जमणारं नव्हतं. माझी आई मी लहान असतानाच गेली. माझी दोन्ही बाळंतपणं ताईंनी केली. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, रात्रीची जागरणं, सगळं. ज्या बाईने आपल्या अंगाला तेल लावून आपल्याला पुन्हा उभं केलं, तिला ‘मला तुमच्याकडे यायचं नाही’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? शिंपी काही म्हणो, ताईंकडे मायेचा तोटा नव्हता. त्या मायेतच माणूस अडकतो.

मी बॅग भरली. गोळ्यांची पाकिटं आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका छोट्या कापडी पिशवीत घातली.

ती पिशवी अकोल्यात पहिल्या संध्याकाळीच गेली. ताईंनी माझी बॅग उघडली, साड्या घडी करून कपाटात लावता लावता पिशवी बाहेर काढली, आणि मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांत धरली.

“हे काय होय?”

“गोळ्या आहेत ताई, साखरेच्या.”

“सुरू केल्या?”

“हो. आठवडा झाला.”

त्यांनी पिशवी लोखंडी कपाटाच्या आतल्या खणात ठेवली, खणाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. “गोळी एकदा धरली का सुटत नाही, अमरावतीवाले. मरेस्तोर सुटत नाही. आतापासून काहून धरतं?” मला त्या लग्नापासून अमरावतीवालीच म्हणतात.

“पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, मनाने बंद करायची नाही.”

“बाळंतपणात कोणाचं ऐकलं व्हतं?”

“तुमचं.”

“मंग?”

या ‘मंग’ला उत्तर नसतं. मी आयुष्यात खूप लोकांशी भांडले, बँकेत भांडले, गॅसवाल्याशी भांडले, पण ताईंच्या ‘मंग’पुढे माझी जीभ कधी चालली नाही. आणि पुढचे पंधरा दिवस तर तिच्यावर ताईंचाच ताबा राहणार होता.

ताईंच्या फाटकावर एक वेल होता. गुडमारचा. ताईंची मुलगी पातूरला दिली आहे. तिकडच्या डोंगरातून त्यांनी फांदी आणून लावली आणि कूलरचं उरलेलं पाणी घालून जगवली. सकाळी मेथीचं पाणी, त्यावर कारल्याचा रस, आणि दोन्ही जेवणांआधी गुडमारचं पान. ताई पान धुऊन आणायच्या आणि माझ्यासमोर उभ्या राहायच्या.

“जीभ काढ.”

मी जीभ काढायची. त्या पान ठेवायच्या. मी चावायचं, सगळ्या जिभेवर फिरवायचं, मग गिळायचं. तितकंच एक पान त्या स्वतः खायच्या. पहिल्या दिवशी पान खाल्ल्यावर त्यांनी माझ्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली.

“खाय. काय लागते?”

मी खाल्ली. काहीच लागलं नाही. दातांखाली नुसतं करकरलं. “वाळू,” मी म्हटलं.

“पाह्य!” ताईंचा चेहरा जादूगारासारखा खुलला. “गोडाची चवच मारते ते. म्हणून तं नाव गुडमार. तासभर जिभेले गोड कयतच नाही. आता सांग, तुही डॉक्टरीण असं करून दाखवते का?”

खोटं कशाला सांगू, मी थक्कच झाले. आणि गुण नव्हता असंही नाही. चहात साखर घातली काय, न घातली काय, सारखंच. दुपारी बिस्किटाच्या डब्याकडे जाणारे माझे पाय आपोआप थांबले. पण साखर कळेनाशी होणं वेगळं आणि रक्तातली साखर उतरणं वेगळं, एवढं मला समजत होतं. गोळी बंद होती. रोज सकाळी नाश्ता झाला की माझी नजर आपोआप लोखंडी कपाटाकडे जायची, आणि तिथून ताईंच्या कमरेकडे.

मी यजमानांना फोन केला. बाथरूममधून, नळ सोडून.

“अगं, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे,” ते म्हणाले. “ताईला वाईट वाटेल. आणि हा पाण्याचा आवाज कसला येतोय?”

“अश्रू आहेत,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसरा मार्ग म्हणजे बाहेरून गोळ्या विकत घेणं. ताई दुपारी पडल्या तेव्हा मी डोक्याला ओला दुपट्टा बांधून निघाले. त्या उन्हात रस्त्यावर मी आणि एक कुत्रं, दोघंच होतो, आणि कुत्रंसुद्धा माझ्याकडे नवलाने बघत होतं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या माणसाने मला पंख्याखाली बसवलं, माठातलं पाणी दिलं, गोळीचं नाव ऐकून घेतलं आणि म्हणाला, “चिठ्ठी?”

चिठ्ठी पिशवीत होती. पिशवी खणात होती.

“तुमी ताईंच्या घरच्या ना?” तो म्हणाला. “मंग चिंता नाही. त्यायलेच सांगतो फोन करून, चिठ्ठी घेऊन येजा म्हणून.”

“नको नको!” मी इतक्या जोरात म्हटलं की त्याला माझी शंकाच आली. शेवटी लाज राखायला मी एक बाम घेतला आणि परत आले. संध्याकाळी ताईंनी तो बाम माझ्या कपाळाला चोळून दिला. “डोकं दुखत व्हतं तं सांगाचं ना मले. उन्हात कोठी गेली व्हती बह्याडासारखी?”

अशा बाईवर चिडायचं तरी कसं? मी रात्री कूलरच्या घरघराटात पडून मनातल्या मनात बस किती वाजता आहे ते घोकायचे. यजमानांनी परतीची सकाळची गाडी पक्की केली होती. तेवढा एकच दिवस माझा होता.

आणि एक गोष्ट मला डाचत होती. ताई पाणी फार प्यायच्या. तांब्यावर तांब्या. उन्हाळाच तो, मीही पीत होते. पण त्या रात्री सारख्या उठायच्याही. त्यांच्या टाचेला एक पट्टी बांधलेली होती. मी विचारलं.

“काटा लागला, पातूरच्या डोंगरात. इथचा वेल झडला व्हता तं पानं आणाले गेली व्हती ना.”

“कधी?”

“होळीच्या आंधी.”

“ताई, मे चालू आहे!”

“सुकून राह्यलं. हळद भरतो रोज.” ताई स्वतःबद्दल भरतो-करतोच म्हणतात, इकडच्या साऱ्या जुन्या बायांसारखं.

“तुम्ही कधी तपासून घेतलंय? साखर?”

“काय तपासाचं? मी तं पान खातो.” आणि त्या पाय साडीत ओढून घेऊन उठल्या.

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ताईंनी पातूरचे व्याही-विहीण रस खायला बोलावले. उन्हाळ्यात लेकीच्या सासरच्यांना रसाचं जेवण घालायचं, हा आमच्याकडचा रिवाज. त्यात कमी-जास्त झालं तर वर्षभर बोललं जातं. ताई पहाटेपासून कामाला लागल्या. कुरड्या तळल्या, भजी तळली, पोळ्यांची कणीक मळली. गावरान आंब्यांचा ढीग मी पिळला. मध्ये अकरा वाजता ताईंना आठवण झाली.

“पान राह्यलं ना वो!”

“आज राहू द्या ताई, कामं आहेत.”

“आजच तं पाह्यजे. रस समोर आला का तुले धरवणार हाये का? जीभ काढ.”

मी काढली. त्यांनी आपलीही काढली. दोघींनी पान चावलं आणि पुन्हा कामाला लागलो.

मग ताईंनी रसाच्या पातेल्यात चमचा बुडवून चाटला. तोंड वाकडं केलं. “आंबट हाये वो. पाह्य बरं तू.”

मी चाटला. आंबटढोण. “हो ताई, फारच आंबट आहे. आंबेवाल्याने फसवलं.”

“मेला तो आंबेवाला. घाल साखर.”

मी वाटीभर घातली. ढवळली. ताईंनी चाटला. “फरक नाही पडला.” मी चाटला. नव्हताच पडला. आणखी घातली. आम्ही दोघी आळीपाळीने चाटत होतो आणि आळीपाळीने डबा उघडत होतो. दोन बाया, दोघींच्या मिळून ऐंशीएक वर्षांचा स्वयंपाकाचा अनुभव म्हणायला हरकत नाही, आणि दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही की गोड मारायचं पान दहा मिनिटांपूर्वी आपणच खाल्लंय. साखरेच्या डब्याचा तळ वाजला तेव्हा ताई म्हणाल्या, “आता आंबट तं आंबट. अब्रूच जाची असंन तं जाईन.”

पानं मांडली. व्याही निवृत्त माणूस, जाडजूड, बोलके. त्यांना साखरेचा जुना आजार. त्यांच्या खिशात चष्मा आणि हातातल्या पिशवीत साखर मोजायचं मशीन कायम. ते पानावर बसता बसता म्हणाले, “विहीणबाई, मी चाखण्यापुरताच घेईन बरं का.”

“घ्या हो, गोड नाहीच हाये तो,” ताई अपराधी आवाजात म्हणाल्या. “औंदा आंबाच आंबट.”

व्याह्यांनी चमचाभर तोंडात घातला आणि डोळे मिटले. विहीणबाईंनी पोळीचा घास बुडवून खाल्ला, पाण्याचा पेला अर्धा केला, आणि फार सांभाळून म्हणाल्या, “रस... छान हाये. गोड हाये.”

“कायचा गोड! तुमचा मोठेपणा.”

“नाही हो, लईच गोड हाये.”

“विहीणबाई,” व्याह्यांनी डोळे उघडून ताईंना विचारलं, “साखर कारखान्याचा ट्रक उलटला का काय आज इकडे?”

ताईंचा चेहरा उतरला. मग लाल झाला. आधी आंबट रसाची लाज, त्यात हा टोमणा. त्यांना वाटलं, हे लोक उलटं बोलून पाणउतारा करतायत. पंगतीनंतर जेवायची वाट न बघता त्यांनी स्वयंपाकघरातून दोन वाट्या भरून आणल्या, एक माझ्यापुढे आपटली. बसायच्या आधी नेमाने पान चावलं, मलाही चावायला लावलं, आणि सगळ्यांसमोर वाटी तोंडाला लावली.

“हे पाह्या. मी खातो. आंबटच लागून राह्यला मले. काय वो अमरावतीवाले?”

“आंबटच आहे,” मी इमानाने साक्ष दिली.

ताईंनी मानासाठी तीन वाट्या रस प्यायला. मी दोन. पाहुणे आमच्याकडे अशा नजरेने बघत होते जशी माणसं सर्कशीत आगीचे गोळे गिळणाऱ्याकडे बघतात.

तासाभराने मी भांडी आवरत होते. आंब्याचा रस ओघळून वाळलेलं बोट सहज तोंडात गेलं, आणि माझ्या टाळूला झटका बसला. गोड! गोड म्हणजे कसं, दात शिरशिरले. मी पातेल्यातला रस चाटला. हा रस नव्हताच, पिवळा पाक होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग भीती वाटली.

“ताई!” मी बाहेर धावले.

ताई दाराशी बसल्या होत्या. तांब्या रिकामा. ओठ कोरडे. उठायला गेल्या तर चौकट धरून पुन्हा बसल्या. “घेरी आल्यावानी झालं,” म्हणाल्या.

मी सगळ्यांना पानाचा घोळ सांगितला. विहीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या. व्याही हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून मशीन काढून ताईंपुढे धरलं. “विहीणबाई, बोट द्या.”

“माह्या बोटाले काय झालं?”

“द्या तं.”

“नाही देत. काही नाही झालं मले, ऊन लागलं.”

त्या मूठ आवळून बसल्या, लहान पोर टोचून घ्यायच्या वेळी बसतं तशा. मग मी हात धुऊन आले आणि माझं बोट पुढे केलं. “आधी माझं पाहा.”

सुई टोचली, थेंब आला. व्याह्यांनी आकडा बघून भुवया वर नेल्या. “हे पाह्यजे त्याच्यापेक्षा बरंच जास्त हाये, वहिनी. गोळी घेता ना तुमी?”

माझी नजर सवयीने ताईंच्या कमरेकडे गेली. किल्लीकडे. मी कुठे बघतेय ते ताईंनी बघितलं. पंधरा दिवसांत मी एकदाही न बोललेलं सगळं बहुतेक त्या एका नजरेत त्यांना ऐकू आलं. त्यांनी मूठ उघडली.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “पान खाणारीचं किती येते तेही पाह्या.”

मशीनवर आकडाच आला नाही. दोन इंग्रजी अक्षरं आली. ताईंना तेवढं इंग्रजी वाचता येतं.

“हाय? हे मशीन मले हाय म्हणून राह्यलं?”

“म्हणजे त्याच्या मोजण्याच्या वर गेली,” व्याही हळू आवाजात म्हणाले. मग त्यांनी ताईंचं बोट हुंगलं. “रस लागून हाये बोटाले. हात धुवा साबणाने.”

ताई हात धुऊन आल्या. बोट घासून घासून लाल केलं होतं. या वेळी आकडा आला. व्याह्यांनी तो मोठ्याने वाचला नाही. मशीन माझ्याकडे वळवलं, चष्मा काढला आणि शर्टाला पुसत बसले. माझ्या आकड्याच्या दुपटीच्या जवळ होता.

“धुतल्यावर कमी झाला ना?” ताईंनी विचारलं. “झाला ना वो कमी?”

“झाला ताई,” मी म्हटलं. “पण कमी झालेलाही फार आहे.”

व्याह्यांनी त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. टाचेची जखम मी सांगितली. ताईंनी माझ्याकडे फितुराकडे बघावं तसं बघितलं. डॉक्टर म्हणाले, आत्ताच घेऊन या.

ताई पैसे काढायला लोखंडी कपाटाशी गेल्या. मी मागे उभी. त्यांनी खण उघडला, आधी माझी कापडी पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. मग कपाटाला टेकून तशाच उभ्या राहिल्या.

“आमच्या घरच्यायले आंधी एक गोळी लागली,” त्या म्हणाल्या. “मंग दोन लागल्या. मंग सुई लागली. मंग ते गेले. मले वाटे, धरलीच नाही तं सुटाचा सवालच नाही.” मग म्हणाल्या, “पाळी गेली तवापासून अंग असंच करते माहं. आग होते, पाणी पाणी होते. कोणाले सांगाव? तुह्या दोन्ही बाळंतपणात मी व्हती. माह्या टायमाले कोणी नव्हतं.”

मी त्यांचा हात धरला. तो अजून साबणाने ओला होता.

“ह्यातली चालते का मले एखांदी?” त्यांनी पिशवीकडे बोट दाखवलं.

“नाही ताई. तुमची तुम्हाला वेगळी मिळेल.”

डॉक्टर तरुण होते, पण समजूतदार. जखम उघडून बघितली तेव्हा त्यांचा चेहरा जरा गंभीर झाला. ‘वेळेवर आलात’ असं म्हणाले; ताईंनी ते माझ्याकडे बघत ऐकलं. पट्टी केली, त्या वेळेपुरतं औषध दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी सगळ्या तपासण्यांना बोलावलं. मी पानाचं सगळं खरं सांगितलं. त्यांनी पानाला नावं ठेवली नाहीत. “पानही साखर उतरवू शकतं आणि गोळीही,” ते म्हणाले. “एकावर एक घेतलं तर नको तितकी उतरून माणूस पडतो. म्हणून मला विचारल्याशिवाय पान नाही. आणि नुसत्या पानावर भागायचे दिवस तुमचे गेले, मावशी.” मला माझी गोळी लगेच सुरू करून अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंना कळवायला सांगितलं.

“आन मेथी?” ताईंनी विचारलं.

“मेथी खुशाल भाजीत खा.”

ताईंनी माझ्याकडे विजयाने बघितलं. एवढं सगळं होऊन त्यांची एक तरी वनस्पती पास झाली होती.

रात्री अंथरुणं घालताना त्या म्हणाल्या, “तुही बस हाये ना सकाळची?”

“आहे.”

“मंग जाय तू. मी जातो दवाखान्यात एकटी. रिक्षा भेटते.”

पंधरा दिवस जी बस मी घोकली, तिची वेळ आता आठवायचीही गरज नव्हती. यजमानांना फोन केला, या वेळी नळ न सोडता. ते म्हणाले, “तू थांबतेस ना तिथे?” माझ्या लग्नाच्या नवऱ्याने इतक्या वर्षांत मला इतका सरळ प्रश्न क्वचितच विचारला असेल.

सकाळी आम्ही दोघी दवाखान्यातल्या बाकावर उपाशीपोटी बसलो होतो. ताईंच्या दंडावर कापसाचा बोळा. बाहेर ऊन चढायला लागलं होतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“बस सुटली असंन तुही.”

“सुटली,” मी म्हटलं.

“मंग?”

मला पहिल्यांदाच त्या ‘मंग’चं उत्तर आलं. “मंग काय, आता तुमची पट्टी रोज कोण बदलणार? अडकले मी.”

ताईंनी पदराने तोंड पुसलं, उगाचच बराच वेळ पुसलं.

मी अकोल्यात उरलेला मे काढला. कूलर घरघरत राहिला, नळाचं पाणी येईल तेव्हा आलं, आणि टाच सावकाश सुकत गेली. पान बंद झालं, तशी जीभ हळूहळू जागी झाली. बिनसाखरेच्या चहातलं दूधसुद्धा गोड असतं, हे मला या वयात पहिल्यांदा कळलं. तरी बिस्किटाचा डबा पुन्हा बोलवायला लागलाच, त्याचं काय करावं ते अजून समजलेलं नाही.

ताईंचं म्हणाल तर त्यांनी गोळीही तशीच हाती घेतली जसं पान घेतलं होतं. दोघींची पाकिटं त्याच लोखंडी कपाटात, त्याच खणात, आणि किल्ली त्याच कमरेला. माझी मला देऊन टाका, असं मी दोनदा सांगून पाहिलं. “तू इसरशीन,” म्हणाल्या. फाटकावरचा वेल कूलरच्या पाण्यावर हिरवागार होता. त्याच्याकडे जाता-येता त्या जरा रागाने बघायच्या. रोज सकाळी नाश्ता झाला की खण उघडल्याचा आवाज यायचा, आणि ताई पाण्याचा पेला घेऊन माझ्यासमोर उभ्या राहायच्या.

मी सवयीने जीभ काढायचे.

“जीभ नाही वो, बह्याड,” त्या म्हणायच्या. “हात कर.”